सासूच्या माफीचं पान

एक फ्रेंच कादंबरी मी दोनदा वाचली आहे, असं मी आयुष्यात एकदाच म्हणालो. तेवढ्यावर माझी झोप गेली, भूक गेली आणि माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की भूक गेलीच नव्हती; मी जेवत व्यवस्थित होतो, फक्त जेवताना तोंड पाडून बसत होतो.)

आधी माझ्या वाचनाबद्दल सांगतो, म्हणजे गुन्हा केवढा होता ते कळेल. माझी सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात गेली. तीस वर्षं मी बॉयलरचे काटे वाचले आणि ते वाचताना कधी चुकलो नाही. निवृत्तीनंतर जळगावात मेहरूणला घर बांधलं, तेव्हा हॉलमध्ये पुस्तकांसाठी भिंतभर कप्पे हौसेनं करून घेतले. त्यांत सध्या आहेरात आलेल्या कपबश्या आहेत, मिक्सरचं रिकामं खोकं आहे आणि पुस्तकं दोन आहेत. एक पंचांग आणि दुसरं गॅसचं.

रेवती आमची एकुलती एक. पुण्याला नोकरी करते. तिथंच धुळ्याचा निखिल तिला भेटला आणि दोघांनी सगळं ठरवून टाकलं. आता मोठ्यांनी फक्त आपणच ठरवतोय असं दाखवायचं होतं. म्हणून एका रविवारी निखिलचे आईवडील आमच्याकडे यायचे होते. निखिलचे वडील म्हणजे नाना. धुळ्यात ग्रंथपाल होते, आता निवृत्त, पण गावातलं वाचक मंडळ अजून तेच चालवतात.

आदल्या दिवशी रेवतीनं मला बाजूला घेतलं. "बाबा, नाना फार सरळ माणूस आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर निखिल त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. तुम्ही एकच करा. कमी बोला."

"मी कधी जास्त बोलतो?"

तिनं आणि सुनंदानं एकमेकींकडे बघितलं तेवढं मात्र मला दिसलं.

नाना आले. उंच, सडसडीत, पांढराशुभ्र शर्ट आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. पोहे झाले, चहा आला. नानांची नजर भिंतीवरच्या कप्प्यांकडे गेली.

"कप्पे छान केलेत," नाना म्हणाले. "पुस्तकं?"

"गच्चीवरच्या खोलीत आहेत," मी म्हणालो. "रंगकाम निघालंय." (रंगकाम चार वर्षांपूर्वी निघालं होतं.)

नाना खुलले. म्हणाले, त्यांच्या आयुष्यात खरं पुस्तक एकच. जुनी फ्रेंच कादंबरी, मराठी अनुवाद, सहाशे पानं. अकरा वेळा वाचली. (नाव इथं सांगत नाही. नाव कळलं की कोणीतरी परीक्षा घ्यायला येतं, आणि मला आता तेवढी ताकद राहिलेली नाही.) बोलता बोलता ते गोष्ट सांगायला लागले. समुद्राकाठचं गाव, मिठाचा व्यापार करणारं घर, त्या घरातली धाकटी सून, तिचा दर्यावर गेलेला नवरा आणि त्याची पत्रं सुनेपासून लपवून ठेवणारी सासू.

मी ताडकन सरळ बसलो. ही गोष्ट मला माहीत होती! मिठाचं घर, धाकटी, पत्रं, सगळं माहीत होतं. माझी मोठी बहीण अक्का ही गोष्ट दर उन्हाळ्यात सांगते. येता-जाता मी ती निदान पंधरा वेळा अर्धीमुर्धी ऐकली असेल. कधी सुरुवात, कधी मधलं, शेवट मात्र कधी कानावर आला नव्हता. आता पंधरा वेळा अर्धी ऐकणं म्हणजे दोनदा पूर्ण वाचणंच की नाही? हिशेब अगदी सरळ होता. इतका सरळ की तोंडातून बाहेर पडला, "मी वाचलीय ती. दोनदा."

रेवतीनं डोळे मिटले.

नाना उठले आणि त्यांनी चक्क मला मिठी मारली. धुळे-जळगाव मिळून ही कादंबरी वाचलेला दुसरा माणूस त्यांना चाळीस वर्षांत भेटला नव्हता म्हणे. मग ते पुन्हा बसले, चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, खरं सांगतो. मागचं एक स्थळ मी सोडलं. मुलगी चांगली, घर चांगलं. पण वडील खोटं बोलले. रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत म्हणाले, आणि होते आधीच रिटायर. एवढीशीच गोष्ट. पण जो एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलतो त्याच्याशी सोयरीक कशी करायची? तुमचं काय मत?"

"अजिबात करू नये," मी म्हणालो. माझा चहा उलट्या वाटेनं नाकात गेला होता.

यानंतर आठवडा बरा गेला. मला वाटलं, निभावलं. सोमवारी नानांचा फोन. आवाजात नुसता उत्साह. त्याच कादंबरीवर फ्रान्समध्ये नवा सिनेमा निघालाय, निखिलनं तो मिळवलाय आणि येत्या रविवारी दुपारी त्यांच्या वाचक मंडळाच्या सभागृहात तो दाखवणार आहेत. नंतर चर्चा. विषय: सिनेमा मूळ कादंबरीशी प्रामाणिक आहे का?

"वा," मी म्हणालो.

"मुख्य वक्ते तुम्ही. फळ्यावर नावही लिहून टाकलंय. जळगावचे अभ्यासक असं लिहिलंय."

"पण नाना, मी..."

"तुम्ही दोनदा वाचलीय, भाऊसाहेब. बाकीचे काय बोलणार? आणि असं करू, चर्चा झाली की तिथंच सगळ्यांसमोर साखरपुड्याची तारीख जाहीर करू. माझ्या मनात तसं आहे."

फोन ठेवला. सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. "फोन करा आणि खरं सांगून टाका."

"खरं सांगितलं तर लग्न मोडेल."

"आणि खोटं पकडलं तर?"

"तरी मोडेल."

"मग निदान पुस्तक तरी वाचा."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. जळगावातली तीन वाचनालयं पालथी घातली. दोन ठिकाणी त्या नावाचं पुस्तक नव्हतंच. तिसऱ्या ठिकाणी रजिस्टरमध्ये नाव होतं, पण नेणाऱ्यानं ते परत आणून दिलं नव्हतं आणि तो आता या जगात नव्हता. कोणीतरी सांगितलं, जामनेरला एका शिक्षकांकडे आहे. बस पकडून जामनेरला गेलो. त्यांच्याकडे फ्रेंच कादंबरी होती, पण वेगळी. ते मला ती घेऊनच जा म्हणाले, चहा पाजला आणि बसस्टँडपर्यंत सोडायला आले. पुस्तकाची प्रत आता एकाच माणसाकडे उरली होती आणि तो माझा होणारा व्याही होता.

गुरुवार उजाडला. मी अक्काकडे निघालो.

अक्का पारोळ्याजवळ खेड्यात राहते. जळगावहून धुळ्याला जाताना रस्त्यावरच. आमचे भाऊजी शाळामास्तर होते, ते आता नाहीत. लग्नानंतर त्यांनी अक्काला ही कादंबरी शाळेतून आणून रोज थोडी थोडी वाचून दाखवली होती. अक्काला अक्षर ओळखू येत नाही, पण एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून पुसलं जात नाही. होळी झाली की तिच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका उडदाचे पापड लाटायला जमतात. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे, असं महिनाभर चालतं. आणि पापड लाटता लाटता अक्का गोष्ट सांगते. गेली तीस-पस्तीस वर्षं हीच गोष्ट. गल्लीत नवी सून आली की ती आधी पापड शिकते आणि मग फ्रेंच वाङ्मय.

मी तिच्यासमोर वही उघडून बसलो. "अक्का, मिठवाल्यांच्या घराची गोष्ट सांग. पहिल्यापासून शेवटपर्यंत. काही सोडू नकोस."

"आरे, इतलंच ना? बठ्ठी मन्हा डोकामा शे." सगळी गोष्ट डोक्यातच आहे म्हणत ती पदर सावरून बसली. तोंड उघडलं, मिटलं. "नही येत भाऊ. हात रिकामा शेतंस ना, मले काहीच याद येत नही."

हात चालल्याशिवाय तोंड चालेना. तिनं उडदाचं पीठ काढलं, पापडखार घालून भिजवलं आणि ते कुटायचं काम माझ्याकडे दिलं. (उडदाचं पीठ ज्यानं कुटलं नसेल त्यानं कुटू नये एवढंच सांगतो.) मग लाट्या झाल्या, माझ्यापुढे पोळपाट आला आणि अक्काचं लाटणं फिरायला लागल्याबरोबर गोष्ट सुरू झाली. एका हातानं पापड लाटायचा आणि दुसऱ्या हातानं टिपणं काढायची असं दोन दिवस चाललं. माझ्या वहीची पानं पिठानं पांढरी झाली आणि माझ्या पापडांना निळी शाई लागली. माझा एकही पापड गोल झाला नाही. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला येऊन गेल्या.

पण गोष्ट मिळाली. सगळी मिळाली. सासूनं नवऱ्याची पत्रं धान्याच्या कणगीत लपवली, धाकटी तापानं फणफणली आणि शेवटी सासूला पश्चात्ताप झाला. ती अंधारात उठली, कणगीत हात घातला, पत्रं काढली आणि सुनेच्या उशाशी बसून म्हणाली, "पोरी, चुकलं माझं." मग नवरा परत आला आणि घरात गोडाधोडाचं जेवण झालं. हे सांगताना अक्काचा आवाज भरून आला. माझाही आला. वहीत मी दोनदा अधोरेखित केलं: सासूची माफी, कादंबरीचा गाभा.

निघताना अक्कानं पायात चपला घातल्या. "मी बी येस धुळाले. गोष्ट मन्ही, आनि देखाले मी नही?"

नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. चार किलो उडदाचे पापड तिनं माझ्याकडून फुकट लाटून घेतले होते, तरी उपकार तिचेच होते.

रविवारी आम्ही धुळ्यात पोचलो. सुनंदा, रेवती, अक्का आणि मी. सभागृहाबाहेर फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव. साठ-सत्तर माणसं. नानांच्या हातात ती कादंबरी, जुन्या साडीच्या कापडाचं कव्हर घातलेली. माझ्याकडे एकदा बघून शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी मला पाणी आणून दिलं.

"बाबा," रेवती कानाशी म्हणाली, "अजून वेळ आहे. नानांना सांगून टाका."

"सगळी तयारी झालीय," मी म्हणालो आणि पिठाची वही दाखवली. तिनं कपाळाला हात लावला.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर फ्रेंच बोलणं आणि खाली पळणारी इंग्रजी अक्षरं. पण मला गोष्ट पाठ होती. समुद्र, मीठ, सासू, धाकटी, सगळं वहीप्रमाणे. माझा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला. पत्रं मात्र सासूनं कपाटात कुलूप लावून ठेवली. कणगी दिसलीच नाही. मी अंधारात टिपण केलं. मग धाकटीला ताप आला. आता सासू उठणार म्हणून मी वाट बघू लागलो. सासू उठलीच नाही. धाकटी मेली, सासू खिडकीत उभी राहून समुद्र बघत राहिली आणि पडद्यावर नावं यायला लागली.

माफीच नाही. सिनेमावाल्यांनी कादंबरीचा गाभाच कापून टाकला होता. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाङ्मयीन मुद्दा सापडला होता.

नानांनी प्रस्तावना केली. त्यांना सिनेमा फार आवडला होता. ओळीला ओळ धरून काढलाय म्हणाले. "आता आमचे जळगावचे स्नेही बोलतील."

मी माईक हातात घेतला. "नानांची माफी मागून सांगतो, मी असहमत आहे. मूळ कादंबरीत पत्रं कपाटात नाहीत. ती धान्याच्या कणगीत आहेत."

नानांच्या कपाळाला आठी पडली. "कणगी?"

"कणगी. कारण ते घर मुळात शेतकरी वृत्तीचं आहे, हे लेखकाला सुचवायचंय." (हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं मला आजवर समजलेलं नाही.) "पण ते सोडा. या कादंबरीचा आत्मा म्हणजे सासूची माफी. ती रात्री उठते, पत्रं काढते, सुनेच्या उशाशी बसते आणि म्हणते, पोरी, चुकलं माझं. तो प्रसंग कुठं गेला? ज्यानं तो कापला, त्यानं ही कादंबरी वाचलेलीच नाही."

मागून टाळ्या आल्या. एक प्राध्यापिका बाई उठल्या. "अगदी बरोबर. तो प्रसंग मी कॉलेजात असताना वाचलाय, अजून आठवतोय." त्यांच्यामागून एक निवृत्त तहसीलदार उठले. "मलाही आठवतोय. उजव्या बाजूचं पान होतं, खालच्या अंगाला." बघता बघता निम्मं सभागृह ते पान वाचलेलं निघालं. उरलेले निम्मे म्हणू लागले की सिनेमाला स्वातंत्र्य असतं, माफी असलीच तरी दाखवायलाच हवी असं नाही. दोन्ही बाजू तावातावानं भांडू लागल्या, आणि भांडण होतं ते त्या प्रसंगावर.

नाना मात्र पुस्तक उलटत होते. आधी शेवटची पानं, मग मधली, मग पुन्हा शेवटची. "भाऊसाहेब, पान सांगाल का?"

"माझी आवृत्ती वेगळी आहे, नाना."

"अकरा वेळा वाचलीय मी," ते स्वतःशीच पुटपुटले. "असा प्रसंग विसरेन कसा मी? की माझ्या प्रतीत पानंच कमी आहेत?"

"असतील," मी म्हणालो. "जुन्या पुस्तकांची पानं गळतातच."

हे बोललो आणि मला माझीच लाज वाटली. समोर एक भला माणूस घाम पुसत, आपली स्मरणशक्ती गेली की काय म्हणून पानं उलटतोय, आणि मी त्याला आणखी ढकलतोय. खरं सांगावं तर रेवतीचं लग्न, न सांगावं तर नाना. मी माईक घट्ट धरून उभा राहिलो आणि दोन्हींपैकी काहीही केलं नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अक्का उठली.

"ओ भाऊ," ती नानांना म्हणाली, "नका इतली पानं उलटू. ते पुस्तकमा नही शे. सासूनी माफी मी घालेल शे."

पुस्तकात नसलेली माफी अक्कानं स्वतःच घातली होती! मागच्या रांगा तिला बघायला उठून उभ्या राहिल्या.

"आमना मास्तरनी वाची दाखाडं, तवय ती पोर मरी जास. पह्यला वरीसले मी तशीच सांगी. तं पापड लाटनाऱ्या बठ्ठ्या सूना रडाले लागन्यात. लाटनंच थांबी गये. त्यासना घर बी तशाच सासवा व्हत्यात ना. मंग दुसरा वरीसले मी सासूले माफी मांगाले लाई. सूना हासन्यात, पापड बी चांगला व्हयनात. तवयपासून तशीच सांगस."

नानांनी चष्मा काढला. "आणि कणगी?"

"आमनाकडे कपाट कोनाघर व्हतं, भाऊ?"

"आणि तुमच्या गोष्टीत नवराही परत येतो की काय?"

"तो तिसरा वरीसले उना. त्या साले उडीद जास्त व्हतात."

प्राध्यापिका बाई खाली बसल्या. तहसीलदार चपला शोधू लागले. मी अक्काकडे बघून दबक्या आवाजात म्हणालो, "अक्का, मला आधी सांगायचंस ना." तीही दबक्या आवाजातच म्हणाली, पण अक्काचा दबका आवाज धुळ्यात तरी दबका मानत नाहीत. "तू गोष्ट इचारी. पुस्तकमा काय शे, ते कुठे इचारं?"

नाना माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही कादंबरी वाचलेली नाही."

"नाही," मी म्हणालो.

"दोनदा म्हणालात."

"एकदाही नाही. एक पानही नाही, नाना. हातात घेऊनही बघितलेली नाही." मला वाटलं आता सगळं संपलंच आहे तर थोडं जास्तच खरं बोलावं. "रंगकामसुद्धा चार वर्षांपूर्वीचं आहे."

निखिलनं मान खाली घातली. सुनंदाचा चेहरा बघवेना. ज्या माणसानं नोकरीच्या दोन वर्षांच्या थापेवर एक स्थळ सोडलं, त्याच्यासमोर मी सत्तर माणसांच्या साक्षीनं, माईकवर, सहाशे पानांची थाप कबूल केली होती.

नानांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी रेवतीला विचारलं, "तू वाचलीस का गं?"

"नाही," रेवती उठून म्हणाली. "मला कादंबऱ्या लवकर झोप आणतात, नाना. पण अक्कात्याकडे पापड लाटताना ऐकलीय. आणि मला तिचीच आवडते, हेही सांगून टाकते. तुम्हाला राग आला तरी."

मी मनात म्हटलं, झालं. होतं नव्हतं तेही गेलं.

तोच नानांच्या शेजारी बसलेल्या निखिलच्या आईनं तोंड उघडलं. पाहुणी म्हणून आमच्याकडे आल्या तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या. "मलाही तीच आवडली," त्या म्हणाल्या. "यांनी मला अकरा वेळा वाचून दाखवलीय. अकरा वेळा ती पोरगी मेली. एकदाही त्या बाईनं माफी मागितली नाही. अक्का, पुढच्या उन्हाळ्यात मला बोलवा पापडाला."

"या ना. पोळपाट लई शे," अक्का म्हणाली.

नानांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. मला वाटलं, आता माझं नाव फळ्यावरून पुसायला सांगणार. त्यांनी घसा साफ केला.

"आजचा विषय होता, रूपांतर मुळाला धरून असावं की नसावं," नाना म्हणाले. "जन्मभर मी सांगत आलो, धरूनच असावं. आज मत बदलतोय. ही मुलगी आपल्या मुळाला अजिबात धरून नाही. विचारलं की खरं सांगते. सून म्हणून आम्हाला पसंत आहे. साखरपुड्याची तारीख अक्कांना विचारून ठरवू. मुलीच्या वडिलांना विचारून काही उपयोग नाही, ते काहीही सांगतील."

सगळं सभागृह हसलं. सुनंदा सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग टाळ्या झाल्या आणि बराच वेळ चालल्या. मीही वाजवल्या. मुलीकडचा माणूस मी, वाजवणार नाही तर जातो कुठं?